मागच्या खुर्चीवरून दिलेले गुण

माझ्या हाताखालून शेकडो नर्स शिकून गेल्या असं कोणी कौतुकानं म्हटलं की मी विषय बदलते. शिकवण्याचं काम मी बरं केलं असेल. पण शिकवणाऱ्या बाया कशा शिकवतात हे तपासायचं कामही चार-पाच वर्षं माझ्याकडे होतं, आणि त्यात एका दुपारी मी जे केलं त्याची लाज मला अजून वाटते. वय झालं की माणूस आपल्या जुन्या चुकांना हसतो म्हणतात. या चुकीला मला हसता येत नाही.

आधी काम काय होतं ते सांगते. नाशिकला आमच्या नर्सिंग शाळेच्या हॉलमध्ये आम्ही बाळंतपणाचा सराव बाहुलीवर घ्यायचो. बाहुली रबराची, तान्ह्या बाळाएवढी, नीट हवा भरली तर छाती वर येणारी. बाळ जन्मलंय, रडत नाही, श्वास घेत नाही, आता काय कराल, असं म्हणून घड्याळ लावायचं. शिकणारीनं बाळ पुसायचं, मान सरळ करायची, नाकातोंडावर मास्क बसवायचा आणि त्याला जोडलेली रबरी पिशवी दाबून हवा भरायची. हे सगळं दोन-तीन मिनिटांत आटपतं. खरं काम त्यानंतर. सगळ्यांनी गोल बसायचं आणि काय झालं, हात कुठे अडला, का अडला, मनात काय आलं, हे बोलायचं. मुली या बोलण्यातून जास्त शिकतात, बाहुलीवरून कमी. नव्वदच्या सुमारास मी स्वतः तिथे शिकत होते तेव्हा या बोलण्याला आमच्याकडे काही नाव नव्हतं. 'चला, आता बाई सोलणार,' एवढंच आम्ही म्हणायचो.

बाई म्हणजे आमच्या ट्यूटर. उंच, आवाज खणखणीत, पांढऱ्या साडीला अशी कडक इस्त्री की जवळून गेल्या तर सळसळ ऐकू यायची. त्यांची एक पद्धत होती. सराव संपला की त्या आधी एकच प्रश्न विचारायच्या, 'बाळ जगलं की मेलं?' चूक केलेल्या मुलीनं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं, 'मेलं, बाई.' मग बाहुलीवर टॉवेल ओढायचा आणि पुढच्या मुलीचा सराव होईपर्यंत तिच्याशेजारी मान खाली घालून उभं राहायचं. मी दोनदा उभी राहिले. दुसऱ्यांदा बाई काय समजावून सांगत होत्या त्यातलं एक अक्षर माझ्या डोक्यात शिरलं नाही. पुढे ते मी पुस्तकातून पाठ केलं.

तरी बाई वाईट नव्हत्या. मी दुसऱ्या वर्षाला असताना पिंपळगावहून माझे वडील मला न्यायला आले होते. स्थळ चांगलं होतं, मुलाकडचे थांबायला तयार नव्हते. बाईंनी त्यांना ऑफिसात बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, 'परीक्षा झाली की घेऊन जा. तोवर ती माझी मुलगी आहे.' वडील वाद घालणारे होते, पण बाईंपुढे त्यांचं काही चाललं नाही. परीक्षा होईपर्यंत ते स्थळ दुसरीकडे जमून गेलं. मी नर्स झाले, मग ट्यूटर झाले, स्वतःच्या पायावर उभी राहिले, ते त्या एका वाक्यामुळे. हे मी कधी विसरले नाही. तेच पुढे नडलं.

दोन हजार साल उलटून गेल्यावर केव्हातरी खेड्यांतल्या नर्ससाठी नवं प्रशिक्षण सुरू झालं. पुण्याहून एक डॉक्टरबाई आल्या. त्यांनी आम्हाला दोन दिवस बसवून सांगितलं की सरावानंतरची चर्चा हा प्रशिक्षणाचा गाभा आहे, आणि ती चर्चा शिकवणारी कशी घेते हे तपासलं पाहिजे. त्यासाठी त्यांनी एक तक्ता दिला. शिकणाऱ्यांना आधी बोलू दिलं का, चुकीमागचं कारण शोधलं का, शंकांना वाव दिला का, कोणाला खाली पाहायला लावलं का. प्रत्येकाला पाचपैकी गुण. आणि एक सक्त नियम: तपासणारीनं मागच्या खुर्चीवर बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. 'मध्ये बोललात की तुम्ही तपासत नाही, शिकवताय,' डॉक्टरबाई म्हणाल्या. नियम बरोबरच होता. मला तो आवडलाही, कारण मूग गिळून गप्प बसणं हेच काम आहे असं कागदावर लिहून मिळालं होतं.

तपासायला मी, आणि तपासायच्या होत्या बाई.

बाई निवृत्तीला आल्या होत्या. गुण चांगले पडले असते तर निवृत्तीनंतरही त्या प्रशिक्षक म्हणून राहणार होत्या. कमी पडले असते तर त्यांना घरी बसावं लागणार होतं. घरी त्यांचं कोणी नव्हतं. हॉल, ती बाहुली आणि समोर बसलेल्या मुली, एवढाच त्यांचा संसार. सकाळी मला जिन्यात गाठून त्या म्हणाल्या, 'काय गं, आज तू माझी सासू का?' मी हसले. त्याही हसल्या. पण त्यांनी हातातली वही दोनदा उघडून मिटली, आणि बाईंना वहीत पाहून शिकवताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्या तुकडीत सटाणा, चांदवड, पेठ, सुरगाणा अशा सगळीकडच्या नर्स होत्या. दुपारच्या सरावाला पेठकडच्या डोंगरातल्या एका उपकेंद्राची नर्स उठली. बावीस-तेवीस वर्षांची, सडपातळ, वेणीला लाल रिबिन. तिनं बाळ पुसलं, पण मान सरळ करायची विसरली आणि थेट मास्क उचलला. उचलल्यावर ती थांबली. मास्क उलटसुलट करून पाहत राहिली. घड्याळ पळत होतं. तिनं पिशवी दाबली तेव्हा बाहुलीची छाती हलली नाही.

सगळ्या गोल बसल्या. बाईंनी विचारलं, 'बाळ जगलं की मेलं?'

'मेलं, बाई,' ती म्हणाली. टॉवेल ओढला गेला. मी मागच्या खुर्चीवर बसून तक्त्याकडे पाहत राहिले.

'का मेलं?'

'बाई, मास्क लहान हाय हा. आमच्या तिथला लय मोठा हाय. मंग तो बाळाला…'

'आधी मान कुठे होती ते सांग.'

'मान चुकली, बाई. पण तो मास्क बसतच नाय, मंग काय…'

'नाचता येईना अंगण वाकडं,' बाई म्हणाल्या.

सगळा हॉल हसला. मीही हसले असेन. हसले नाही असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मुलगी खाली बसली आणि रिबिनीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. मी तक्त्याच्या कडेला पेन्सिलीनं लिहिलं, 'मास्क मोठा. प्रश्न राहिला.' लिहून मान वर केली तर ती मागे वळून माझ्याकडे, माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे पाहत होती. मी नजर कागदावर आणली.

शेवटी बाईंनी विचारलं, 'कोणाला काही शंका?' वीस जणी एका सुरात म्हणाल्या, 'नाही, बाई.' आमच्याकडे हे असंच असतं. शंका विचारणं म्हणजे बाईंनी नीट शिकवलं नाही असं चारचौघांत म्हणणं. आणि प्रशिक्षणाच्या पुस्तिकेतली शेवटची ओळ बाईंनी सगळ्यांकडून दोनदा म्हणवून घेतली, की जंतुसंसर्ग होतो म्हणून बाळाला तोंडानं श्वास द्यायचा नाही.

आता सांगते ते मला सगळ्यात जास्त बोचतं. त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर बाईंना माहीत होतं. आम्हा सगळ्यांपेक्षा बाईंनाच पक्कं माहीत होतं. तरुणपणी त्या चांदवडकडच्या खेड्यांत नोकरीला होत्या. तेव्हा ना मास्क होता ना पिशवी. बाळाच्या नाकातोंडावर गॉजच्या जाळीदार कापडाचा तुकडा टाकून, त्यावर आपलं तोंड ठेवून, फक्त गालात मावेल एवढ्या हवेची फुंकर द्यायची, असं करून त्यांनी कितीतरी बाळं रडवली होती. मेसमध्ये जेवताना त्या आम्हाला हे रंगवून सांगायच्या. मुलीला वाक्य पुरं करू दिलं असतं तर पुस्तिका बाजूला ठेवून त्यांनी ते तिथल्या तिथे सांगितलं असतं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. मुलीचा प्रश्न होता आणि बाईंकडे उत्तर होतं, मध्ये चार हातांचं अंतर होतं, आणि ते दिसत असलेली एकटी मी होते.

मुली चहाला गेल्या. मी गुण भरायला बसले. 'शंकांना वाव दिला का' यापुढे पेन थांबलं. शंका आहेत का असं विचारलं तर होतंच, मी स्वतःला म्हटलं. चार दिले. 'कोणाला खाली पाहायला लावलं का' यात बाईंचा विनोदी स्वभाव धरून पुन्हा चार दिले. बाकी पाच. आपलेच दात, आपलेच ओठ. कागद स्वच्छ हवा असा दंडक होता म्हणून कडेचं पेन्सिलीचं वाक्य खोडरबरानं पुसलं. एवढ्यात बाई दाराशी आल्या आणि म्हणाल्या, 'काय गं, पास का नापास?'

'पास, बाई.'

त्यांनी डोळे मिटून घेतले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला तेव्हा फार बरं वाटलं, हे खोटं सांगून चालणार नाही. बाई पुढे तीन वर्षं शिकवत राहिल्या. आता त्या नाहीत. ही हकिगत मी त्यांना सांगितली नाही.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी आम्ही गावोगावी जाऊन, शिकलेलं कितपत टिकलंय ते पाहू लागलो. बाहुली पिशवीत घालून मी जीपनं पेठकडच्या त्या उपकेंद्रावर सकाळी दहाला पोचले. दोन खोल्या, पुढे ओटा, ओट्यावर गावची सुईण पाय पसरून बसलेली. तीच नर्स बाहेर आली. रिबिन नव्हती. मला ओळखून तिनं पाणी दिलं, खुर्ची पुसली.

मी बाहुली टेबलावर ठेवली, घड्याळ लावलं. तिनं सगळं बिनचूक केलं. पुसणं, मान, मी बरोबर नेलेला लहान मास्क, पिशवीचा दाब. छाती लागोपाठ वर येत होती. मी खूश होऊन म्हटलं, 'शाब्बास! बाईंना सांगते.' तिनं लोखंडी कपाट उघडलं, आतून एक मास्क काढला आणि बाहुलीच्या चेहऱ्यावर ठेवला. तो मोठ्या माणसाचा होता. कपाळापासून हनुवटीखालपर्यंत सगळा चेहरा त्यात बुडाला.

'ह्याचं काय करायचं, ते सांगा, मॅडम,' ती म्हणाली.

मी विचारलं, 'लहान मास्क आलाच नाही?' नव्हता आला. तिनं तीनदा मागणी लिहिली होती. परत आल्यावर मी भांडून पंधरा दिवसांत त्या बाजूच्या सगळ्या उपकेंद्रांना लहान मास्क मिळवून दिले. वरातीमागून घोडं.

मग तिनं सांगितलं. तीन महिन्यांपूर्वी भरदुपारी गावातली एक पहिलटकरीण आली. मुलगा झाला, रडला नाही. 'पुसलं, मॅडम. मान धरली. मास्क लावला आन् दाबलं तर सगळी हवा कडंनी फसफस बाहेर. दाबते, दाबते, छाती हलतच नाय. गाडी सांगितली होती, ती यायला दीड तास. मी दाबतच राहिले.'

'मग?'

तिनं ओट्याकडे पाहिलं. 'मावशी म्हणली, मी फुकू का, नर्सबाई? मी म्हटलं, नाय. तोंड लावायचं नाय. ती पुन्हा म्हणली, फुकते ना, पोर जाईल. मी तिचा हात धरून बाजूला केला.'

सुईण ओट्यावर तशीच बसून होती. तिला आतलं सगळं ऐकू येत होतं.

'त्या गेलेल्या पोराच्या आईचं घर शाळेच्या मागंच हाय,' मुलगी म्हणाली. 'रोज दिसते.'

अशा वेळी माणूस नेमकं नको ते बोलतो. मी म्हटलं, 'अगं, मास्क बसत नाही हे तू कोणाला तरी विचारायचंस ना.'

तिनं माझ्याकडे आश्चर्यानं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. 'विचारलं होतं की, मॅडम. टरेनिंगला. बाई बोलल्या नाय, पण तुम्ही मागं बसून लिहून घेतलं. मी बघितलं ना. मला वाटलं, तुमचं पत्र येईल.'

म्हणजे हॉलमधून ती उत्तर न घेता गेली नव्हती. उत्तर येणार आहे अशा भरवशावर गेली होती. आणि पाच महिने तिनं टपालाची वाट पाहिली होती.

'आता तरी सांगा,' ती म्हणाली.

उत्तर माझ्या जिभेवर होतं आणि ते सांगायची मला भीती वाटत होती. सांगितलं तर तिला कळणार होतं की सुईण जे करायला निघाली होती तेच करायला हवं होतं, आणि ते तिनं स्वतःच्या हातानं थांबवलं. न सांगितलं तर त्या कपाटात तोच मास्क होता, आणि गावात पोटुशा बाया होत्याच. मी जरा वेळ बाहुलीची मान नीट करत बसले. ती आधीच नीट होती.

मग सांगितलं. मास्क बसत नसेल तर तो बाजूला ठेव. पुस्तिकेत नाही, तरी कर. गॉज टाक, बाळाचं नाकतोंड आपल्या तोंडात घे, फक्त गालातली हवा दे, छाती वर येते का बघ. करून दाखवलं. बाहुलीची छाती वर आली. ती वाकली आणि तिनं तसं केलं. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा थोडं जमलं, तिसऱ्यांदा छाती छान वर आली, खाली गेली. तिनं तोंड पुसलं. तिचा चेहरा इतका साधा होता की मला वाटलं, तिला कळलंच नाही. पण तिला कळलं होतं.

ती बाहेर ओट्यावर गेली आणि सुईणीशेजारी बसली. 'मावशी,' ती म्हणाली, 'तुझंच बरोबर होतं.'

म्हातारीनं पसरलेले पाय जवळ घेतले. मग तिनं विचारलं, 'मंग मला कोणी थांबवलं?'

'मी,' मुलगी म्हणाली.

मी उंबऱ्यात उभी होते. नाही गं, तू नाही, मी, एवढंच म्हणायचं होतं. दोघीही माझ्याकडे पाहत नव्हत्या. मी आत वळले, बाहुली पुसून पिशवीत भरली आणि ड्रायव्हरला जीप काढायला सांगितली.